मॉनिटर कसा घ्यावा: उपनगरवासी नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली आणि त्यांच्या अल्याड-पल्याडच्या समस्त वन बीएचकेधारकांसाठी आहे. टू बीएचकेवाल्यांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना लागू पडतील असे परिच्छेद कमी. ज्यांच्या घरी 'स्टडी' नावाची स्वतंत्र खोली आहे, त्यांनी सरळ दुकानात जाऊन सगळ्यात महागडा मॉनिटर घ्यावा आणि आमचा वेळ घेऊ नये.

साहित्य: एक मोजपट्टी (शिवणाच्या डब्यातली चालेल), एक लॅपटॉप, दहा ते पंचवीस हजार रुपये, आणि घरातली सर्व माणसं. शेवटचा जिन्नस मोजून घ्यायची गरज नाही. तो आपणहून गोळा होतो.

आधी थोडी तात्त्विक बैठक

मॉनिटर घेण्याचे सल्ले देणारे जगभरातले जाणकार पहिलाच प्रश्न विचारतात: तुम्हाला मॉनिटर खेळायला हवा, कामाला हवा की बघायला हवा? या प्रश्नात असं गृहीत धरलंय की खेळणारा, काम करणारा आणि बघणारा हे तीन वेगळे इसम असून तिघांना तीन टेबलं आहेत. आपल्याकडे टेबल एकच. त्यालाच तिघं पाळ्या लावतात. सकाळी नऊपासून घरून काम करणारी सून, संध्याकाळी सातनंतर आई-बाबा आणि त्यांची मालिका किंवा मॅच, अकरानंतर घरातलं शेंडेफळ आणि त्याचं युद्ध. गिरणगावातून उपनगरात आलेल्या घरांना पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी समजावून सांगावी लागू नये. साचा एकच, कामगार बदलतात, आणि पाळी बदलताना आधीचा उठत नाही म्हणून भांडण होतं. तेव्हा मॉनिटर निवडायचा तो या तिन्ही पाळ्यांत कोणाचंही फार नुकसान होणार नाही असा. एका पाळीचं भलं करणारा मॉनिटर घेतलात, तर उरलेल्या दोन पाळ्यांचा संप अटळ आहे.

पायरी पहिली: टेबल मोजा

मॉनिटरचा इंच तिरका असतो, खालच्या एका कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. टेबलाचा इंच सरळ. त्यामुळे खोक्यावर '२७' वाचून टेबलावर काय उरेल ते कळत नाही. नेहमीच्या १६:९ आकारात २४ इंची पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो, २७ इंची ६० आणि ३२ इंची ७१. ३४ इंची अल्ट्रावाइड घेतलात तर मामला ८० सेंटिमीटरवर जातो. म्हणजे टेबलाच्या कडेला ठेवलेला प्रिंटर, त्यावरचा देवाचा फोटो आणि फोटोमागची विजेची बिलं, यांची नवी सोय बघावी लागेल.

रुंदीत मात्र बहुधा निभावून जातं. घात होतो तो भिंतीपासून तुमच्यापर्यंतच्या अंतरात. डोळे आणि पडदा यांच्यात ५० ते ७५ सेंटिमीटर अंतर असावं असं म्हणतात. आता आपलं भिंतीला बिजागरीनं लावलेलं घडीचं टेबल बघा: ४५ सेंटिमीटर. त्यातले वीसेक मॉनिटरचा पाय खातो, पंधरा कीबोर्ड घेतो आणि उरलेल्या दहांत चहाचा कप व कोपर यांच्यात वाद होतो. पडदा नाकाला लागतो. माणूस मग खुर्ची मागे सरकवतो, खुर्ची पलंगाला अडते, आणि पलंगावर बसून मटार सोलणारी व्यक्ती "जरा पुढे हो रे" म्हणते. मोजपट्टीने हे सगळं मोजा. टेबल, खुर्ची, पलंग, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लोखंडी कपाटाच्या दाराचा घेर. मॉनिटर आल्यावर कपाट अर्धवटच उघडायला लागलं आणि आतल्या पैठण्या दोन बोटं लावून ओढून काढाव्या लागल्या, तर त्या मॉनिटरवर कितीही पिक्सेल असोत, घरात त्याची किंमत शून्य.

यावर इलाज म्हणजे मॉनिटरचा पायच काढून टाकणं. मागच्या बाजूला चार भोकं असतात, १०० बाय १०० मिलिमीटरच्या चौकोनात. त्यांना 'व्हेसा' म्हणतात. तिथे एक लोखंडी हात बसवायचा, तो टेबलाच्या कडेला पकडीनं आवळायचा, की पडदा मागे भिंतीला टेकतो आणि टेबल मोकळं होतं. काही स्वस्त मॉडेलांना ही भोकंच नसतात, म्हणून खरेदीआधी पाठ बघावी. टेबल काचेचं असेल तर पकडीचा नाद सोडा. दाबलेल्या भुशाच्या पाट्यांचं तयार टेबल असेल तर कड चेपते. सुतारानं १९ मिलिमीटरच्या प्लायवर सनमायका मारून घरीच बनवलेलं असेल, तर त्या सुताराला मनोमन नमस्कार करून खुशाल आवळा.

भिंतीत भोक पाडायचा विचार असलेल्यांसाठी: जुनी इमारत असेल तर प्लास्टर ओंजळीत येतं. पुनर्विकासानंतरचा टॉवर असेल तर भिंतीही काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात, तिथे साधं ड्रिल नुसतं रडतं. हॅमर ड्रिलवाला बोलवावा लागतो. दोन्हीकडे दुपारी दोन ते चार सोसायटीचा नियम आहेच.

पायरी दुसरी: डोंगर कुठे आहे ते पाहा

ही पायरी तुम्हाला कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर बोरिवलीकरांच्या पूर्वेला आणि मुलुंडकरांच्या पश्चिमेला आहे. डोंगर तोच. पण त्यामुळे बोरिवलीत सूर्य सकाळी डोंगर चढून थोडा उशिरा येतो आणि संध्याकाळी थेट गोराईच्या खाडीपर्यंत, शेवटच्या किरणापर्यंत, पश्चिमेच्या खिडकीतून पडद्यावर बसून राहतो. मुलुंड पश्चिमेला तो संध्याकाळी वेळेआधीच डोंगराआड सटकतो. मुलुंड पूर्वेला मात्र समोर मिठागरं आणि खाडी, आडवं यायला कोणी नाही. सकाळच्या पहिल्या मीटिंगला ऊन हजर. अंधेरीत हा डोंगर नाही, पण समोरच्या ऑफिसच्या काचा आहेत. तिथे ऊन कुठल्याही दिशेनं येऊ शकतं.

म्हणून नियम असा: पडदा खिडकीला काटकोनात ठेवावा. खिडकी पाठीशी असेल तर पडद्यात ती दिसते, समोर असेल तर डोळे दिपतात. वन बीएचकेत काटकोन मिळतोच असं नाही, कारण तिथे फ्रिज असतो. अशा वेळी चकचकीत पडद्याच्या वाटेला जाऊ नये, मॅट घ्यावा. उजेडाचं माप 'निट्स'मध्ये असतं. आतल्या खोलीत २५० निट्स पुरतात, खिडकीशेजारी ३०० ते ३५० बरे. आणि पडदे. कापडाचे.

डोळ्यांचे डॉक्टर सांगतात की दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघावं. वीस फूट लांब बघायला आधी घर वीस फुटांचं हवं. ते नसल्यास खिडकीबाहेर बघावं, पण समोर दुसरी विंग असेल तर नजर नेमकी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाते आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय निघतो. नजर डोंगराकडे ठेवावी. दिसत असेल तर.

पायरी तिसरी: तिन्ही पाळ्यांच्या मागण्या ऐकून घ्या

पहिल्या पाळीला अक्षर हवं. दिवसभर एक्सेल, मेल आणि पीडीएफ वाचणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं पडद्याचा आकार दुय्यम. एका इंचात किती ठिपके बसलेत हे मुख्य. १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडीचे ठिपके २४ इंचांत पसरले तर इंचाला सुमारे ९२ पडतात. तेच २७ इंचांत ताणले तर ८२. दुकानदार नेमका हाच २७ इंची फुल एचडी पुढे करतो, कारण तो मोठा दिसतो आणि स्वस्त असतो. घेऊ नये. इंग्रजीवाल्यांचं त्यावर भागून जातं. आपलं भागत नाही. देवनागरीत एका अक्षराच्या उंचीत वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढी गर्दी असते. बारीक अक्षरात 'द्ध' आणि 'द्व' ओळखण्याची पैज लावावी लागेल. सातबारा, सोसायटीचं इतिवृत्त, शाळेची नोटीस असं काहीही वाचणाऱ्या घरात ठिपके दाटच हवेत. २५६० बाय १४४० चे ठिपके २७ इंचांत बसवले की इंचाला १०९ होतात, आणि विंडोजमध्ये काहीही मोठं न करता बहुतेकांना वाचता येतं. त्याच आकारात फोर-के घेतलात तर १६३. अक्षर छापल्यासारखं दिसतं, पण एवढं बारीक की विंडोजला ते दीडपट मोठं करायला सांगावं लागतं. म्हणजे जागा २५६० बाय १४४० एवढीच, रेखीवपणा जास्त. ज्यांचं पोट अक्षरांवर आहे, अनुवादक, मुद्रितशोधक, वकील, त्यांनी हा खर्च जरूर करावा.

पहिल्या पाळीची आणखी एक मागणी ऐकून घेण्याजोगी असते: यूएसबी-सीची सोय. ऑफिसचा लॅपटॉप एकाच वायरीनं जोडला की चित्रही जातं आणि तोच लॅपटॉप ६५ वॉटपर्यंत चार्जही होतो. सात वाजता पाळी बदलते तेव्हा एक वायर काढायची आणि उठायचं. सहा वायरी काढाव्या लागल्या तर कोणी उठत नाही, हे सर्वत्र दिसतं.

दुसऱ्या पाळीला काळा रंग हवा. तो तसा ती मागत नाही, ती म्हणते, "रात्रीचा सीन आहे, काही दिसत नाही." नेहमीच्या आयपीएस पॅनेलचा काळा मुळात गडद राखाडी असतो, त्यातलं उजेड-अंधाराचं प्रमाण हजारास एकच्या आसपास. व्हीए पॅनेलचं तीन हजारास एकपर्यंत जातं, चित्रपट खुलतो. मग व्हीएच घ्यावा की! थांबा. दुसरी पाळी खुर्चीवर बसत नाही. बाबा दिवाणावर, आई जमिनीवर भाजी निवडत, पाहुणे आले तर दाराशी. व्हीए समोरून राजा असतो. बाजूनं बघितलं की रंग उडतात. आयपीएस कुठूनही बघा, साधारण सारखाच. एकट्यानं दिवे घालवून सिनेमा बघणाऱ्याला व्हीए, पंगतीला आयपीएस.

आणि ओलेड? काळा म्हणजे खरोखर काळा, कारण तिथला ठिपका विझलेलाच असतो. किंमत पन्नास हजारांच्या पुढेमागे. पण ओलेडवर एखादी गोष्ट तासन्‌तास जागची हलली नाही तर तिचा डाग कायमचा राहू शकतो. पहिल्या पाळीत खाली विंडोजची पट्टी आठ तास. दुसऱ्या पाळीत मराठी बातम्या, जिथे वर वाहिनीचं बोधचिन्ह, खाली धावती पट्टी, तिच्यावर दुसरी पट्टी, बाजूला जाहिरात, आणि मधल्या उरलेल्या जागेत बातमी. अशा घरात ओलेड आणणं म्हणजे नव्या भिंतीवर दोन वर्षांत जुन्या बातम्या कोरून घेणं. कंपन्यांनी ठिपके सरकवण्याच्या वगैरे युक्त्या केल्यात, काही त्यासाठी वॉरंटीही देतात. तरी माझं मत: ज्याच्या घरी एकच पाळी चालते त्यानंच या फंदात पडावं.

खोक्यावर 'एचडीआर ४००' असं छापलेलं दिसेल. त्याचा अर्थ पडदा ४०० निट्सपर्यंत उजळतो. छान आहे, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. स्पीकरही आहेत असं लिहिलेलं असतं. दोन-दोन वॉटचे ते स्पीकर खाली गणपतीची आरती चालू असताना ऐकून बघावेत, म्हणजे वेगळा स्पीकर घ्यायचा की नाही हा प्रश्न मिटेल.

इथे एक काका हमखास उभे राहतात. ते म्हणतात, "मॉनिटर कशाला? हॉलमधला टीव्हीच लाव ना कॉम्प्युटरला." हॉलमधला ३२ इंची टीव्ही बहुधा 'एचडी रेडी' असतो, म्हणजे १३६६ बाय ७६८, इंचाला ४९ ठिपके. त्यावर एक्सेल उघडून काकांना हातभर अंतरावर बसवावं आणि 'क' स्तंभातला आकडा वाचायला सांगावा. मोठा फोर-के टीव्ही असेल तर ठिपके पुरतात, पण बरेच टीव्ही रंगाची माहिती निम्म्यावर आणतात. लाल अक्षरं निळ्यावर असली की कडा विरघळतात. शिवाय त्यात 'गेम मोड' लावला नाही तर माऊस हलवल्यावर बाण जरा विचार करून निघतो. काकांचा मान राखून विषय बदलावा.

रातपाळीला हर्ट्झ हवेत. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठदा नवं चित्र दाखवतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी, २४० चा ४.२. साठावरून १४४ वर गेलात तर फरक आजीलाही दिसतो. नुसता माऊसचा बाण गोल फिरवून दाखवा. १४४ वरून २४० वर गेल्यावर मात्र फरक शेंडेफळालाच दिसतो, आणि तोही पैसे दुसऱ्याचे असतील तर. व्हॅलोरंट या खेळाचे सर्व्हर मुंबईतच आहेत, त्यामुळे मुलुंडमध्ये बसून पिंगच्या नावानं बोटं मोडता येत नाहीत. हरल्यावर दोष द्यायला मॉनिटर तेवढा उरतो, आणि नव्या मॉनिटरची मागणी येते ती इथूनच.

खोक्यावरचं '१ एमएस' मात्र श्रद्धेनं वाचू नये. हा आकडा दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात, आणि एक पद्धत तर पडदा मध्येमध्ये काळा करून धूसरपणा लपवते. त्या वेळी उजेडही कमी होतो. स्वस्त व्हीएमध्ये अंधारातून पळणाऱ्या शत्रूमागे काळी शेपटी दिसते. बोरिवलीतला कुठलाही अकरावीतला मुलगा तुम्हाला हे जास्त चांगलं समजावेल. त्याच मुलाला विचारावं की घरच्या ग्राफिक्स कार्डला फोर-केमध्ये १४४ चित्रं काढणं झेपेल का. झेपणारं कार्ड मॉनिटरपेक्षा महाग पडतं, हे तो शेवटी, दाराशी चपला घालताना सांगतो.

रातपाळीच्या हर्ट्झचा दुसऱ्या पाळीला एक अनपेक्षित लाभ होतो, तो वाटाघाटीत कामी येईल. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० ला २४ नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून साठ हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते, आणि कॅमेरा हळू सरकताना चित्र किंचित अडखळतं. १२०, १४४ आणि २४० ला भाग पूर्ण जातो. बाबांना सांगा की जास्त हर्ट्झ त्यांच्याच सिनेमासाठी घेतोय.

तोडगा

२७ इंच, २५६० बाय १४४०, आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा वर, फ्रीसिंक (पडद्याचा वेग ग्राफिक्स कार्डाशी जुळवणारी सोय) आणि उंची कमी-जास्त होणारा पाय. साधारण वीस हजारांच्या आसपास. उंचीकडे दुर्लक्ष करू नका, कारण सून पाच फूट, बाबा पावणेसहा आणि शेंडेफळ खुर्चीत आडवं. बजेट दहा हजारांतच अडकलं असेल तर २४ इंची फुल एचडी आयपीएस; १०० हर्ट्झ आता त्यातही मिळतं. बाकी सगळं, वाकडा पडदा, मागचे रंगीत दिवे, ड्रॅगनचं चित्र, हे ज्याला परवडतं त्याच्या हौसेचं.

पायरी चौथी: मुहूर्त

पाडवा, दसरा आणि दिवाळीला सवलती असतातच. २०२५ मध्ये सरकारनंही मुहूर्त साधला. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आणि त्यावर एक इंच जरी गेलात तर २८, अशी लक्ष्मणरेषा आधी होती. २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकी घटस्थापनेला, ती पुसली आणि सगळ्यांना १८ टक्के झाले. ३४ इंची अल्ट्रावाइडचं स्वप्न बघणाऱ्यांना देवी पावली. पण कपाटाच्या दाराचं तुम्ही मोजलेलं आहेच.

पायरी पाचवी: लॅमिंग्टन रोड

घराजवळ चकाचक दुकानं भरपूर आहेत. विजय सेल्सची सुरुवात १९६७ मध्ये माहीमला झाली, क्रोमाचं पहिलं दुकान २००६ मध्ये जुहूला निघालं, म्हणजे दोन्ही आपल्या गावचीच. तिथे मॉनिटर लावून ठेवलेले असतात, बघून यावेत. पण प्रकार, भाव आणि घासाघीस यांसाठी लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तसं विचारलंत तर पानवालाही गोंधळेल. मुंबईनं १९०३ ते १९०७ या काळातल्या एका गव्हर्नराला अजून सोडलेलं नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

दुकान सात फूट रुंद असतं आणि माल दुसऱ्याच्या गोदामातून येतो. भाव विचारला की शेठ आधी फोन लावतात, मग आकडा सांगतात, मग "बिलासह की बिलाशिवाय?" विचारतात. पक्कं बिलच घ्यायचं, त्यावर मॉनिटरचा सीरियल नंबर लिहून घ्यायचा. मॉनिटरवर सहसा तीन वर्षांची वॉरंटी मिळते आणि कच्च्या चिठ्ठीवर तिचा दावा सांगायला गेलात तर सर्व्हिस सेंटरवाला त्या चिठ्ठीत वडापाव बांधूनही देणार नाही.

पोऱ्या खोकं घेऊन येतो. इथे घाई करायची नाही. "चालू करून दाखवा," असं म्हणायचं. शेठ म्हणतील, "साब, आजकल सब माल ओके आता है." हसायचं आणि पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढायचा. त्यात आधीच पाच कोरी चित्रं भरून ठेवलेली असावीत: पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं. एकेक चित्र पूर्ण पडदाभर लावायचं आणि वीतभर अंतरावरून, डावीकडून उजवीकडे ओळीनं नजर फिरवायची. पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर तो मेलेला पिक्सेल. काळ्यावर लाल किंवा हिरवा चमकला तर तो अडकलेला. आधी बोटानं हलकेच पुसून बघा, कधी कधी धूळच असते. एक-दोन पिक्सेलसाठी कंपनी मॉनिटर बदलून देईलच असं नाही. किती मेले म्हणजे बदलायचा याचे तिचे आकडे ठरलेले असतात. शेठ मात्र काउंटरवर असेपर्यंत बदलून देतात, कारण मागे गिऱ्हाईक उभं असतं. कोपऱ्यांतून उजेड गळतो का, हे तिथल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात दिसत नाही. ते घरी पहिल्या रात्री दिवे घालवून बघा.

पायरी सहावी: वाहतूक

रिक्षा शहरात नाही. ती वांद्रे-सायनच्या पलीकडे सुरू होते. म्हणून खोकं उचलून ग्रँट रोड स्टेशनपर्यंत चालायचं. बोरिवली-अंधेरीवाल्यांना तिथून सरळ गाडी. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना दादरला उतरून पूल चढायचा आहे, तेव्हा अकराला निघून चारच्या आत परत फिरावं. सहा वाजता दादरच्या पुलावर २७ इंची खोकं घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला लोक दिशा दाखवत नाहीत, दिशा देतात. खोकं कायम उभं धरायचं, आडवं घालून त्यावर कोणाला बसू द्यायचं नाही. "थर्माकोल आहे ना आत" असं म्हणत बसणारा एक जण भेटतोच.

पायरी सातवी: प्रतिष्ठापना

नव्या वस्तूला हळद-कुंकू लावायचं असतं. पूर्वीच्या काचेच्या ढेऱ्या मॉनिटरला चहूबाजूंनी दोन बोटं रुंद प्लास्टिकची चौकट असायची, कुंकवाला ऐसपैस जागा. वर झालरीचं कापडी कव्हरही शिवलेलं असायचं. आताचे पडदे कडेपर्यंत उघडे. ओलं कुंकू पॅनेलच्या फटीत गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही. खालच्या पट्टीवर, कंपनीच्या नावाशेजारी, कोरडं बोट टेकवावं. दसऱ्याला झेंडूची माळ पायाला घालावी.

पूजा झाल्यावर सर्वांत दुर्लक्षित काम. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट बघा. बऱ्याचदा तिथे ६० च असतं. कित्येक घरांत १४४ हर्ट्झचे पैसे मोजलेला मॉनिटर वर्षानुवर्षं साठावर चालतो आणि घरचे "काय मख्खन आहे" म्हणत असतात. यादीत १४४ दिसतच नसेल तर वायर बदला. जुन्या टीव्हीमागची एचडीएमआय काढून लावली असेल तर तीच आडवी येते. खोक्यात डिस्प्लेपोर्टची वायर असल्यास ती लावावी. खोकं मात्र तीन वर्षं टाकू नये. लॉफ्टवर जागा नसते, पण आपल्याकडे खोक्यासाठी ती निघतेच.

एक अखेरची सूचना, विजेबद्दल

रातपाळी दोनला संपते आणि पहिली पाळी नऊला सुरू होते. मधल्या सात तासांत मॉनिटर पेंगत असतो आणि त्या अवस्थेत बहुतेक मॉनिटर अर्धा वॉट किंवा त्याहून कमी वीज घेतात. बाबा पहाटे पाचला उठतात आणि सगळ्यात आधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला बिल बहुधा अदानीचं, मुलुंडला महावितरणचं; बाबा सगळीकडे सारखेच. अर्धा वॉट, सात तास, ३६५ दिवस: वर्षाला सव्वा युनिट होतं, तेही बटण दोनलाच बंद केलं तर. हा हिशेब कागदावर करून बाबांना दाखवायला जाऊ नये. ते तो कागद घडी करून विजेच्या बिलांत ठेवतील आणि उद्या पहाटे राउटरही बंद करतील.